चुंबळीचा ट्रान्सफॉर्मर आणि तंबोऱ्याचा पंचम

गाण्याची आवड असलेल्या घरांतून जुन्या तबकड्या पुन्हां माळ्यावरून खालीं उतरूं लागल्या आहेत, आणि त्यांच्यासाठीं चांगल्या प्रतीचा ॲम्प्लिफायर घेण्याची बोलणीं जेवणाच्या पंगतींत निघूं लागलीं आहेत. अशा वेळीं घरांतील कोणी तरुण मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, पुण्यास तपकीर गल्लींत किंवा नागपुरास सीताबर्डीवर चौकशीस गेला, म्हणजे दुकानदार त्यास एक शब्द हमखास ऐकवितो. "याच्या आंत टोरॉइडल आहे," असें तो म्हणतो, आणि तेवढ्या एका शब्दानें किंमत बरीच वर चढते. विचारणारा मान डोलावितो, घरीं येऊन तोच शब्द वडीलधाऱ्यांस सांगतो, आणि तेहि मान डोलावितात. शब्दाचा अर्थ मात्र कोणीच विचारीत नाहीं. टोरॉइडल म्हणजे काय, त्याचा गुण कोणता, दोष कोणता, आणि त्यासाठीं अधिक पैसे मोजावे कीं नाहीं, या चार प्रश्नांचा विचार आम्ही या खेपेस या सदरांत करणार आहों. त्याच्या ओघांतच एका पांचव्या गोष्टीविषयीं लिहावें लागेल. ती गाण्याहूनहि महत्त्वाची आहे, कारण तिचा संबंध घरांतील माणसांच्या जिवाशीं आहे.

ट्रान्सफॉर्मर ही वस्तु आपल्याला अपरिचित नाहीं. सरकारी मराठींत तिला रोहित्र म्हणतात, आणि गांवाच्या वेशीवर दोन खांबांच्या मध्यें बसविलेली ती राखी रंगाची पेटी लहान मुलांनाहि ठाऊक असते. आम्ही हें लिहितों तें चिमूर चंद्रपूर जिल्ह्यांत ताडोबाच्या अरण्याच्या उत्तरेस आहे. अरण्याच्या दुसऱ्या अंगास, चंद्रपूर शहराजवळ, २,९२० मेगावॉट शक्तीचें औष्णिक विद्युत्केंद्र आहे. तेथें निर्माण झालेल्या विजेचा दाब प्रथम ४ लाख व्होल्टपर्यंत चढवितात, ती देशाच्या जाळ्यांत मिसळते, आणि मग पायरीपायरीनें दाब उतरवीत ३३ हजार, ११ हजार व अखेर २३० व्होल्ट अशी ती आपल्या घरांत येते. या प्रत्येक पायरीवर एकेक ट्रान्सफॉर्मर असतो. या साखळीची शेवटची कडी आपल्या बैठकीच्या खोलींत, ॲम्प्लिफायरच्या पेटींत बसलेली असते.

या शेवटच्या कडीचें काम थोडक्यांत असें. ॲम्प्लिफायरच्या आंतील नाजुक भागांस २३० व्होल्टचा दाब सोसत नाहीं. म्हणून ट्रान्सफॉर्मर तो उतरवून, उदाहरणार्थ, ३० व्होल्टच्या दोन जोड प्रवाहांत देतो. हा प्रवाह अजून उलटसुलट वाहणाराच असतो. सेकंदास ५० वेळां त्याचें चक्र पुरें होतें. डायोडांच्या साह्यानें तो एकाच दिशेचा केला जातो आणि मोठाल्या कपॅसिटरांत सांठविला जातो. तेव्हां त्याचा दाब ४० व्होल्टच्या थोडा वर भरतो. या सांठ्यांतून गाण्याच्या प्रत्येक आघाताला लागेल तेवढी शक्ति उचलली जाते. तात्पर्य, तबल्याची थाप आपल्या छातीवर उमटते ती या सांठ्याच्या बळावर, आणि हा सांठा भरण्याचें काम ट्रान्सफॉर्मरचें.

आतां आकाराकडे वळूं. पाण्याचा हंडा डोक्यावर घेण्यापूर्वीं बायका लुगड्याच्या फडक्याची चुंबळ करून ठेवीत, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर तंतोतंत त्या चुंबळीसारखा दिसतो. मध्यें भोंक असलेलें पोलादाचें एक वाटोळें कडें, त्यावर सर्व बाजूंनीं गुंडाळलेली तांब्याची तार, आणि वरून पिवळसर किंवा तांबूस फितीचें वेष्टण, एवढेंच त्याचें रूप. नांव जरी भारदस्त असलें तरी अर्थ 'कड्याच्या आकाराचा' एवढाच आहे.

पुष्कळांचा समज असा कीं, हा आकार कांहीं नवीन शोध आहे. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडेनें जो प्रयोग केला, तो सुमारें ६ इंच व्यासाच्या मऊ लोखंडी कड्यावरच. कड्याच्या एका अंगास एक तार गुंडाळली होती, दुसऱ्या अंगास दुसरी. पहिल्या तारेंतील प्रवाह सुरू करतांना किंवा तोडतांना दुसऱ्या तारेस जोडलेल्या यंत्राचा कांटा क्षणभर हलला, आणि तेवढ्या हालण्यांतून पुढचें सारें विद्युत्शास्त्र निघालें. म्हणजे जगांतील पहिला ट्रान्सफॉर्मर चुंबळीच्याच आकाराचा होता. पुढें १८८५ सालीं बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यांत झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या त्रिवर्गानें व्यवहारांत चालेल असा ट्रान्सफॉर्मर सिद्ध केला. त्याच्याहि रूपांपैकीं एक बंद कड्याचें होतें.

मग मधल्या काळांत हा आकार मागें कां पडला? कारण साधें आणि व्यापारी आहे. कड्यावर तार गुंडाळावयाची म्हणजे प्रत्येक वेढ्यास ती मधल्या भोंकांतून ओवून काढावी लागते. हातानें शेंकडों वेढे ओवणें म्हणजे दिवसभराचें काम. त्याऐवजीं पत्र्यांतून इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराचे तुकडे ठोकून काढले, तार आधींच एका चौकोनी रिळावर भरभर गुंडाळून घेतली, आणि मग त्या रिळांत हे पत्रे दोन्ही बाजूंनीं सरकवून बसविले, तर काम झटपट होतें. शिवाय ईच्या पोटांतून निघालेला तुकडाच आय म्हणून उपयोगीं पडत असल्यामुळें पत्रा वायां जात नाहीं. आपल्या आजोबांच्या काळच्या रेडिओंत जो चौकोनी, जड ट्रान्सफॉर्मर दिसतो तो हाच. पुढें कड्याच्या भोंकांतून आपण होऊन फिरणारें, तार भरून घेणारें आणि ती वेढ्यावेढ्यानें सोडणारें वाटोळें चाक असलेलीं यंत्रें आलीं, तेव्हां चुंबळीचा ट्रान्सफॉर्मर सामान्य बाजारांत परत येऊं शकला.

त्याच्या परतण्यास दुसरेंहि एक कारण झालें, तें पोलादाचें. ट्रान्सफॉर्मरसाठीं सुमारें ३ टक्के सिलिकॉन मिसळलेलें पोलाद वापरतात. नॉर्मन गॉस या अमेरिकन संशोधकानें १९३४ सालीं अशा एका कृतीचें पेटंट मिळविलें कीं, तिच्या योगानें त्या पोलादांतील कण लाटण्याच्या दिशेनें रांगेंत बसतात. लांकडास जसा उभा रेषा असतो आणि त्या रेषेनें तें सहज चिरतें, तसें या पोलादांत त्या दिशेनें चुंबकत्व सहज वाहतें. आडव्या दिशेनें मात्र त्यास कष्ट पडतात. ई-आयच्या चौकटींत चुंबकत्वाला कोपऱ्यांवर वळावें लागतें, आणि कांहीं भागांत तें रेषेच्या आडवें जातें. कड्याची गोष्ट निराळी. या पोलादाची एक तृतीयांश मिलिमीटरहून किंचित् पातळ अशी लांब पट्टी निवारीच्या गुंडाळीप्रमाणें घट्ट गुंडाळली कीं कडें तयार होतें, आणि त्यांत सर्वत्र रेषा चुंबकत्वाच्या वाटेनेंच फिरते. हें पोलाद आपल्या महाराष्ट्रांतहि होतें, ही वाचकांस आनंदाची वार्ता वाटेल. नाशिकजवळचा थायसेनक्रुप या जर्मन मंडळीचा कारखाना २०२५ सालीं जेएसडब्ल्यू आणि जपानची जेएफई या मंडळींच्या जोडीकडे आला, तेथें तें तयार होतें. देशाची गरज मोठी असल्यामुळें पुष्कळसें मात्र अजून परदेशांतून आणावें लागतें.

या आकाराचे गुण आतां सहज ध्यानांत येतील. ई आणि आय यांचे पत्रे जेथें एकमेकांस भिडतात तेथें सूक्ष्म फट राहतेच, आणि अशा सांध्यांतून थोडें चुंबकत्व बाहेर पसरतें. कड्यास सांधाच नाहीं, आणि तार त्याला सर्व बाजूंनीं वेढून असते. त्यामुळें त्याचें चुंबकत्व बहुतेक सारें त्याच्या पोटांतच राहतें. तेवढ्याच शक्तीच्या चौकोनी भावंडापेक्षां तो वजनानें व आकारानें पुष्कळ लहान होतो, कांहीं वेळां निम्म्यापर्यंतहि. तो तापतो कमी, आणि कांहीं काम नसतांना वीजहि कमी खातो.

चुंबकत्व बाहेर न पसरणें हा गुण दिसावयास लहान असला तरी तबकडी ऐकणाऱ्यास फार मोलाचा आहे. तबकडीवरून फिरणाऱ्या सुईंतून निघणारा विद्युत्संदेश अवघा चार-पांच मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्या चार-पांच पट, इतका क्षीण असतो. तो हजारों पटींनीं वाढवावा तेव्हां स्पीकर बोलतो. त्याच पेटींत वीतभर अंतरावर ट्रान्सफॉर्मरचें गळकें चुंबकत्व पसरलें असेल, तर तेंहि या क्षीण संदेशांत मिसळतें आणि त्याच्याबरोबरच हजारों पटींनीं वाढतें. गाणें सुरू होण्यापूर्वीं स्पीकरांतून जी भुणभुण ऐकूं येते, तिचें एक मूळ येथें असतें.

येथें आम्हांस एक मुद्दा मांडावयाचा आहे. हें शास्त्र आपल्याकडे युरोप-अमेरिकेंतून आलें, आणि त्यासंबंधीं लिहिणारे बहुतेक जण त्यांचेंच संगीत डोळ्यांपुढें ठेवून लिहितात. त्यांच्या वाद्यवृंदांत स्वरांचा आधार पदोपदीं बदलत असतो. बारीकशी भुणभुण त्यांत पुष्कळदां बुडून जाते. आपलें गाणें एका स्थिर षड्जावर उभें असतें. तंबोरा आरंभापासून शेवटपर्यंत तेच स्वर झंकारत राहतो, आणि ऐकणाऱ्याचा कान त्यांच्याशींच प्रत्येक स्वर ताडून पाहतो. अशा ठिकाणीं दुसरा एखादा स्थिर स्वर चोरपावलानें शिरला, तर तो बुडत नाहीं. तो भांडत राहतो.

हें भांडण आंकड्यांनीं दाखवितां येतें. पुष्कळ पुरुषगायक काळी एकच्या आसपास षड्ज धरतात. त्या षड्जाचीं कंपनें सेकंदास सुमारें १३८.६ असतात. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमांत लाविली असेल तर तिचीं कंपनें त्याच्या पाऊणपट, म्हणजे सुमारें १०४ होतात. आपल्या देशांतील वीज ५० चक्रांची आहे. ती एकदिशा केल्यावर तिच्यांत जो तरंग उरतो तो सेकंदास १०० वेळांचा, आणि ट्रान्सफॉर्मरचें पोलाद स्वतः थरथरतें तेंहि सेकंदास १०० वेळां. एकीकडे १०४ चा पंचम, दुसरीकडे १०० ची घरघर. दोन स्वर इतके जवळ आले म्हणजे त्यांच्या मीलनांतून सेकंदास चार हेलकावे उत्पन्न होतात. तंबोरा बेसूर झाल्याचा भास होतो, आणि ऐकणारा बिचारा गायकाच्या साथीदारास दोष देतो. गळक्या चुंबकत्वानें येणाऱ्या भुणभुणींत तर ५० बरोबर १५० कंपनांचाहि स्वर असतो. काळी एकच्या षड्जाला तो कोमल ऋषभाहून चढा आणि शुद्ध ऋषभाहून उतरा पडतो. रागांत ऋषभ वर्ज्य असला तरी हा परका ऋषभ आपला चालूच.

मिरजेच्या शिकलगारांनीं शस्त्रांस धार लावण्याचा पिढीजाद धंदा सोडून एकोणिसाव्या शतकांत तंबोरे आणि सतारी करण्याचें काम हातीं घेतलें. त्यांच्या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तो कारागीर भोपळा निवडतो, घोडीवर जवारी काढतो, तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून तिचा झंकार उमलवितो. इतक्या कष्टानें साधलेला पंचम आपल्या बैठकीपर्यंत पोंचून शेवटच्या वीतभर अंतरांत घरघरीनें नासावा, ही गोष्ट बरी नव्हे. म्हणून आम्ही म्हणतों कीं, शांत ट्रान्सफॉर्मर ही आपल्या संगीताची गरज इतरांहून काकणभर अधिकच आहे. पण हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे कीं, ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा गोडवा नाहीं. 'टोरॉइडल घातल्यानें आवाज गोड होतो' असें कोणी सांगितल्यास तें मानूं नये. जें मिळतें तें शांतता, आणि तीहि बाकीची रचना चांगली असेल तरच.

आतां दोषांकडे. पहिला दोष अधाशीपणाचा. कड्यांत फट नसल्यामुळें बटण बंद केल्यावरहि त्यांत पूर्वीचें चुंबकत्व पुष्कळसें शिल्लक राहतें. पुढच्या वेळीं बटण नेमकें प्रतिकूल क्षणीं दाबलें गेलें, कीं पोलाद तुडुंब भरून जातें आणि निमिषभर तारेंतून मोठा लोंढा वाहतो. ३०० व्होल्ट-ॲम्पिअरच्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण कामाच्या वेळीं दीड ॲम्पिअरहि लागत नाहीं. पण त्या पहिल्या क्षणीं तो याच्या दहा-वीस पट किंवा त्याहूनहि अधिक ओढूं शकतो. म्हणून अशा यंत्रांत सावकाश वितळणारा फ्यूज घालतात, आणि मोठ्या यंत्रांत आरंभीं क्षणभर प्रवाह रोखून धरणारी सोय करतात. पावसाळ्यांत वीज जाते, येते, पुन्हां जाते, तेव्हां प्रत्येक येण्याबरोबर हा लोंढा येतो. यासाठीं वीज गेली कीं लगेच ॲम्प्लिफायरचें बटण बंद करावें, आणि ती परत येऊन चार-पांच मिनिटें स्थिर झाल्यावरच पुन्हां लावावें, ही संवय घरांतील मुलांनाहि लावून ठेवावी.

दुसरा दोष सोवळेपणाचा. विजेच्या उलटसुलट प्रवाहांत एका बाजूचा अंश थोडा जरी अधिक झाला, तरी हें कडें एकीकडे कलतें आणि पेटींतून घरघर ऐकूं येते. असा असमतोल केंस वाळविण्याच्या यंत्रासारख्या कांहीं उपकरणांनीं, तीं अर्ध्या शक्तीवर चालविलीं असतां, घडून येतो; शेजाऱ्याच्या घरांतील उपकरणाचा परिणामहि आपल्याकडे पोंचूं शकतो. अर्ध्या-एक व्होल्टचा फरक मोठ्या कड्यास पुरतो. चौकोनी ट्रान्सफॉर्मर सांध्यांतील फटींमुळें हें पुष्कळ अधिक सोसतो; तोच त्याचा गुण. यावर कपॅसिटर व डायोड यांची एक साधी अडसर-योजना असते, ती जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावी.

तिसरा दोष ट्रान्सफॉर्मरचा नसून बसविणाऱ्याचा. चुंबळीच्या भोंकांतून एक लांब बोल्ट घालून ती पेटीच्या तळाशीं आवळतात. या बोल्टाचें खालचें टोंक लोखंडी तळाला आणि वरचें टोंक लोखंडी झांकणाला टेकलें, तर बोल्ट व पेटी मिळून तारेचा एक पुरा वेढाच तयार होतो. त्यांतून प्रचंड प्रवाह वाहूं लागतो, फ्यूज उडतो, आणि वेळीं न उडाला तर ट्रान्सफॉर्मर जळून जातो. दुरुस्तीनंतर झांकण बसवितांना बोल्ट आणि झांकण यांच्यामध्यें मोकळी जागा आहे ना, एवढें पाहावयास कोणतीहि विद्या लागत नाहीं.

आतां आरंभीं म्हटलेली पांचवी गोष्ट. चिमुरांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत आजोबांच्या ॲम्प्लिफायरला भुणभुण लागली. आजोबांचें वय ऐंशीच्या पुढें. ऐकूं कमी येतें, त्यामुळें आवाज मोठा ठेवावा लागतो आणि भुणभुणहि मोठी होते. घरांत जुनें यंत्र काढून टोरॉइडलचें नवें घ्यावें असा बेत जवळजवळ ठरला होता. तत्पूर्वीं एकदां पाहून घ्यावें म्हणून गांवांतील एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविलें. त्यानें पेटी पाहिली, प्लग पाहिला, आणि पक्कड काढली.

"काकाजी, ही तिसरी मोठी पीन आहे ना, तिच्यामुळंच हें होतं. काढून टाकतो; लगेच बंद होईल पाहा."

थोरली सून शाळेंत विज्ञान शिकविते. ती स्वयंपाकघरांतून तशीच बाहेर आली. "भाऊ, ती पीन राहूं द्या," ती म्हणाली. "भुणभुण बंद होईल हें खरं, पण उद्यां पेटींत वीज उतरली तर ती कुठून जाईल? मामंजी, आधीं ती टीव्हीची वायर काढून पाहूं या का?"

आजोबांनीं होकार दिला. सुनेनें टीव्हीकडून ॲम्प्लिफायरकडे आलेली वायर उपसतांच भुणभुण थांबली. टीव्हीला बाहेरून आलेली केबल दुसऱ्या ठिकाणीं जमिनीस जोडलेली होती आणि ॲम्प्लिफायर घराच्या अर्थिंगला. या दोन वाटांचा मिळून एक फेरा झाला होता आणि त्यांतून विजेची भुणभुण गाण्यांत शिरत होती. बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा त्यांत कांहींच अपराध नव्हता. टीव्ही व ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेऊन, त्यांच्यामधली तांब्याची वायर काढून तिच्याजागीं प्रकाशावर चालणारी वायर लाविली, आणि काम भागलें. दुरुस्ती करणाऱ्यानेंहि तें मोठ्या मनानें मान्य केलें, आणि दुसऱ्या दोन घरीं आपण काढलेल्या पिना परत बसवून देतों म्हणून तो गेला. आम्हांस त्या घरांतील सुनेच्या शहाणपणाइतकेंच त्याच्या या बोलण्याचें कौतुक वाटलें.

तिसऱ्या पिनेचें प्रयोजन सर्वांनीं समजून घेतलें पाहिजे. जुन्या यंत्राच्या आंतील वेष्टण कधीं तरी झिजतें, उंदीर कुरतडतो, ओल लागते, आणि २३० व्होल्टची तार लोखंडी पेटीस चिकटते. अर्थिंग असेल तर सारा प्रवाह त्या वाटेनें जमिनींत जाऊन फ्यूज उडतो, आणि आपल्याला फक्त यंत्र बंद पडल्याचें कळतें. अर्थिंग तोडलेलें असेल तर यंत्र बंद पडत नाहीं. तें गात राहतें, आणि त्याची पेटी मृत्यूसारखी एखाद्या हाताची वाट पाहत बसते. पावसाळ्यांतील ओली फरशी, अनवाणी पाय, आणि आजोबांसाठीं आवाज वाढवावयास धांवलेला नातू, इतकें मनांत आणलें म्हणजे अधिक लिहिण्याचें कारण उरत नाहीं. ज्या यंत्रावर एकांत एक अशा दोन चौकोनांची खूण असते, त्यास दुहेरी वेष्टण असतें आणि त्याचा प्लग मुळांतच दोन पिनांचा असतो, तें चालेल. पण ज्यास तीन पिना दिल्या आहेत त्याची एकहि तोडूं नये. घराच्या मुख्य बोर्डावर तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर प्रथम तो बसवावा, टोरॉइडल मागाहून.

हेंच झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील मंडळींसहि सांगावेसें वाटतें. धानाचा हंगाम आटोपला, दिवाळी झाली, कीं चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या मुलखांत गांवोगांव रात्रभर नाटकें रंगतात. नट आपल्या गळ्यानें गातात, हातांत लोखंडी मायक्रोफोन असतो, पायाखालीं दहिंवरानें भिजलेली जमीन असते, आणि वीज कधीं तारेवरची तर कधीं जनरेटरची. तेथें भुणभुण घालविण्यासाठीं अर्थिंग तोडणें म्हणजे नटाच्या जिवाशीं खेळ. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीला वीज लागत नव्हती. त्या भजनांनीं पेटलेलें हें चिमूर १६ ऑगस्ट १९४२ रोजीं सबंध देशास ठाऊक झालें. आजच्या गायकाचा आवाज विजेवांचून दूर पोंचत नाहीं, तर ती वीज निदान त्यास अपाय न करील एवढी काळजी घेणें हें गांवाचें कर्तव्य आहे.

शेवटीं, नवें यंत्र घेण्यापूर्वीं घरांतल्या घरांत करावयाची परीक्षा सांगतों. रात्रीं पंखे बंद करून ॲम्प्लिफायर लावावा आणि आवाजाचें बटण अगदीं खालीं आणावें. स्पीकर शांत आहे आणि पेटींतूनच घरघर येते, असें आढळलें तर दोष ट्रान्सफॉर्मरच्या थरथरीचा किंवा बाहेरून येणाऱ्या असमतोल विजेचा समजावा. पेटीखालीं रबर देऊन ती कमी होते का तें पाहावें, आणि ती दिवसाच्या ठराविक वेळींच येते का याचीहि नोंद ठेवावी. स्पीकरांतून भुणभुण येत असेल तर मागच्या साऱ्या वायरी एकेक करून काढाव्या. एखादी काढतांच आवाज थांबला, तर दोष त्या वाटेवर आहे, आणि त्यासाठीं यंत्र बदलण्याचें कारण नाहीं. सर्व काढूनहि आवाज राहिला, तर पेटींतील जुने कपॅसिटर सुकले असण्याचा संभव अधिक. ते बदलण्यास नव्या यंत्राच्या मानानें फारच थोडा खर्च येतो. पेटी मात्र घरीं उघडूं नये, कारण बटण बंद केल्यावरहि त्या कपॅसिटरांत बराच वेळ वीज सांठून राहते.

इतकी परीक्षा होऊनहि नवें यंत्र घ्यावयाचें ठरलें, आणि घरांत तबकड्या ऐकणारें कोणी असलें, तर चुंबळीच्या ट्रान्सफॉर्मरसाठीं थोडे अधिक पैसे मोजण्यास आमची हरकत नाहीं. दुकानांत त्याचें नुसतें नांव ऐकून परत येऊं नये. यंत्रास सावकाश सुरू होण्याची सोय आहे का, फ्यूज कोणत्या जातीचा आहे, प्लग तीन पिनांचा आहे का, हें विचारावें. मग तंबोऱ्याची एखादी ध्वनिमुद्रिका बरोबर नेऊन ती तेथेंच लावावयास सांगावी, आणि गाणें सुरू होण्यापूर्वींचा पंचम आजोबांस, आजींस किंवा घरांत ज्या कोणास सुराचें ज्ञान असेल त्यास ऐकूं द्यावा. त्यांनीं पंचम स्थिर आहे असें सांगितलें, तर यंत्र घेण्यास हरकत नाहीं.